बोंद्रे सरांची चिकट साखर

पांढुर्ण्यातल्या निम्म्या प्रतिष्ठित माणसांची लघवी आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत नावानिशी, ओळीनं मांडलेली असे. डावीकडच्या कपाटात रसायनं, उजवीकडच्या कपाटात बेडकाचा सांगाडा आणि मधल्या कपाटात गाव. कुणाची खोकल्याच्या औषधाची बाटली, कुणाची खोबरेल तेलाची. कापसाच्या एका व्यापाऱ्यानं तर घरात दुसरी सापडली नाही म्हणून अत्तराच्या बाटलीतून पाठवली होती. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर बोंद्रे सरांच्या सुरेख अक्षरात तीन गोष्टी: नाव, मोहल्ला आणि 'जखम कधीची'.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. बोंद्रे सर आमच्याकडे रसायनशास्त्र शिकवत आणि मी मराठीचा टेम्पररी मास्तर होतो. सर उंच, किंचित वाकलेले. शर्टाच्या खिशाला अ‍ॅसिडनं पाडलेली भोकं, त्यामुळे पेन खिशात न ठेवता कानावर. लग्न केलेलं नव्हतं. स्टेशनाजवळ एका खोलीत राहत आणि स्वतः स्वयंपाक करत. गावात अजूनही सांगतात की त्यांची परीक्षा खोटी निघाली आणि ते तोंड लपवून सौंसरला निघून गेले. हे खरं नाही. खरं काय ते मला ठाऊक आहे, आणि त्यापायी माझ्या मोठ्या भावाचा एक पाय गेला आहे. आता मी ऐंशीच्या पुढे आहे. ते लिहून ठेवायला आणखी उशीर करण्यात अर्थ नाही.

तर परीक्षा अशी. नळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायचं, त्यात आठ थेंब 'माल' टाकायचा (हा सरांचाच शब्द) आणि दिव्यावर उकळायचं. निळं ते निळंच राहिलं तर माणूस सुटला. साखर असेल तर आधी हिरवं, मग पिवळं, मग नारिंगी आणि फारच असेल तर भट्टीतून काढलेल्या विटेसारखं लाल. पुढेपुढे सर माणसांना रंगानंच ओळखू लागले. "पोस्टमास्तर हिरवे आहेत, पण त्यांच्या मिसेस विटकरी," असं ते भर बाजारात, वांगी निवडता निवडता सांगत. एका सोयरिकीत मुलीकडच्यांनी मध्यस्थाला विचारलं म्हणे, की मुलाचे वडील कोणत्या रंगाचे आहेत?

शाळेच्या स्टाफचा मात्र वेगळाच प्रश्न होता. आमचा दुपारचा चहा वर्षानुवर्षं प्रयोगशाळेच्या बीकरमध्येच उकळत असे. मधलं कपाट भरू लागलं तसे सगळे मास्तर घरून थर्मास आणू लागले. सर एकटेच बीकरमधला चहा पीत आणि म्हणत, "मी धुतलेलं आहे नं."

हे वेड त्यांना लागलं गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव आणि मध्ये दगडांचा पाऊस. डोकं फुटलं की देवीची राख लावायची आणि परत दगड उचलायचा. बाकीच्यांना त्यात शौर्य दिसे, भक्ती दिसे. पोलिसांना डोकेदुखी दिसे. सरांना प्रयोग दिसला. "शेकडो जखमा," ते डोळे विस्फारून सांगत, "एकाच दिवशी, एकाच नदीच्या दगडानं, अन् औषधही सगळ्यांले एकच. कोणत्या मोठ्या युनिव्हर्सिटीले जमते काय हे?"

दुसऱ्या दिवसापासून ते फूटपट्टी आणि रजिस्टर घेऊन घरोघर जखमा मोजत फिरत. सावरगावच्या लोकांना हा पांढुर्ण्याचा हेर वाटे. त्यांनी दोनदा त्यांना नदीपर्यंत हाकलत आणलं. तिसऱ्यांदा सरांनी स्वतःच कपाळ फोडून घेतलं आणि त्याची नोंद केली: 'बोंद्रे, स्वतः, अकरा दिवसांत पूर्ण भरली.'

रजिस्टरातून एक गोष्ट वर आली. दगड तोच, राख तीच. पण एकाची जखम दहा-बारा दिवसांत सुकते आणि दुसऱ्याची दसऱ्यालाही वाहत असते. गावाकडे याची कारणं तयार होती. नजर लागली, वांगं खाल्लं, देवीचं काही चुकलं. सासुरवाडीच्या माणसाचा दगड लागला तर जखम लवकर भरत नाही, असंही एक जाणकार मत होतं, आणि आमच्या बऱ्याच सोयरिकी सावरगावात असल्यानं ते तपासायला वाव होता. सरांनी तेही तपासलं. सासुरवाडी निर्दोष ठरली. मग त्यांनी न भरणाऱ्या जखमांच्या मालकांकडून बाटल्या मागवल्या, आणि नळ्या एकामागून एक लाल होत गेल्या.

"साखर गोड नसते हो," ते त्या दिवसापासून म्हणू लागले. "साखर चिकट असते."

हे वाक्य मी किमान हजारदा ऐकलं असेल. मधल्या सुट्टीत कुणी डबा उघडला आणि त्यात जिलबी दिसली की सर सुरू होत. रक्तात साखर वाढली की ती दिसेल त्या प्रथिनाला बिलगते. तिला बोलावणं लागत नाही, मध्यस्थ लागत नाही. बिनआमंत्रणाच्या पाहुण्यासारखी येते, बसते आणि उठत नाही. कातडीच्या आतले मजबूत धागे पाकात पडलेल्या सुतळीसारखे एकमेकांना चिकटून कडक होतात. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात. जंतू खाणाऱ्या पांढऱ्या पेशी निघतात, "पण कलेक्टर ऑफिसातून जीप निघते तशा". सही होऊन डिझेल भरून पोचेपर्यंत इकडे पू झालेला असतो. जखमेच्या काठावरून 'इकडे या, विणायला घ्या' असे निरोप सुटायला हवेत, तेही नीट सुटत नाहीत. "या निरोपांचं आत्ता कुठं लोकांले कळून राहिलं," सर म्हणत. "पूर्ण कोणालेच नाही कळलं. मलेही नाही." आणि शेवटी आवाज खाली आणून नसेचं, म्हणजे दुखणं कळवणाऱ्या तंतूचं, सांगत. साखर नसेत शिरते, तिथं रूप बदलून अडकून बसते, आणि नस हळूहळू बहिरी होते. "मग जखम दुखतच नाही. अन् दुखत नाही म्हणून माणूस खुश."

जिलबीवाला तोवर जिलबी संपवून हात धुवायला गेलेला असे.

बोलून भागेना, तेव्हा त्यांनी दाखवायचं ठरवलं. कांदासुद्धा न खाणारा हा माणूस खाटकाकडे गेला आणि बकऱ्याच्या पायातल्या पांढऱ्या शिरा, हाडाला स्नायू बांधून ठेवतात त्या, कागदात गुंडाळून घेऊन आला. एका बरणीत मिठाचं पाणी, दुसरीत ग्लुकोजच्या साखरेचं. कुजू नये म्हणून कसल्याशा औषधाचे थेंब. हे सगळं कायम कोमट ठेवायला यंत्र लागतं, असं मीच कुठंतरी वाचलेलं त्यांना ऐकवलं. ते म्हणाले, "कळंबे, मे महिन्यात पांढुर्ण्यात यंत्र कायले पाहिजे?" आणि दोन्ही बरण्या टिनाच्या छपराखाली ठेवून दिल्या. शाळा उघडली तेव्हा मिठातली शीर पांढरी आणि लवचिक होती, साखरेतली पिवळट-तांबूस आणि ताठ. आनंदाच्या भरात सर दोन्ही हातांत दोन शिरा धरून प्राचार्यांच्या खोलीत शिरले. प्राचार्य साहेब तेव्हा पोळीचा घास मोडत होते. त्यांनी डबा बंद केला आणि आठवडाभर उघडला नाही.

मी सरांची नक्कल फार चांगली करत असे. जीप, सुतळी, बिनआमंत्रणाचा पाहुणा, सगळं त्याच हेलात. स्टाफरूममध्ये लोक मला मुद्दाम करायला लावत. टेम्पररी माणसाला लोकांनी हसलेलं फार बरं वाटतं.

एका डिसेंबरात प्राचार्यांनी मला खोलीत बोलावून दार लावायला सांगितलं. त्यांनाही धाकधूक होतीच. त्यांनी टेबलाखालून एक बाटली काढली आणि शिपायाला कळू न देता बोंद्रेंकडे पोचवायला सांगितली. संत्र्यांचे दिवस होते. स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी बागेची टोपली उघडी पडली होती. मला एक गंमत सुचली. मी बाटली मोरीत ओतली, धुतली, दोन संत्री पिळली, रस रुमालातून गाळला, रंग जुळेपर्यंत पाणी घातलं आणि बाटली सरांकडे पोचवली. आयुष्यात मी केलेला रसायनशास्त्राचा हा एकमेव प्रयोग, आणि तो पूर्ण यशस्वी झाला.

संध्याकाळी सगळ्यांना सांगून टाकायचं, चार घटका हसायचं, असा बेत होता. पण सर चिमट्यात धरलेली गरम नळी घेऊन थेट प्राचार्यांकडे धावले. नळीत विटेचा चुरा. प्राचार्य पांढरे पडले आणि मिळेल त्या गाडीनं नागपूरला गेले. चार दिवस पाहुण्यांकडे कारल्याचा रस पिऊन, रक्त तपासून ते परतले. रिपोर्टमध्ये साखरेचं नाव नव्हतं. चेहरा मात्र विटकरी होता.

आता सांगायची सोय उरली नाही. मला पर्मनंट करायचं की नाही, हा कागद त्याच महिन्यात त्यांच्या टेबलावर होता आणि माझ्या घरी दोन लहान लेकरं. त्यांनी सगळ्या स्टाफसमोर मलाच विचारलं, की माझ्याकडून पुढे बाटली कुणाकुणाच्या हातातून गेली? मी थर्मासचं झाकण फिरवत बसलो. तेवढ्यात बोंद्रे सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बाटल्या माझ्याच हातून बदलल्या, साहेब."

मला वाटलं, किती भोळा माणूस आहे हा.

हुकूम निघाला: प्रयोगशाळेत मनुष्यदेहासंबंधी काहीही आणू नये. सरांनी मधलं कपाट स्वतः रिकामं केलं. एकेक बाटली शाळेमागे नेऊन ओतली, धुतली आणि चिठ्ठ्या काढून रजिस्टरात ठेवल्या. गावाला मात्र एक नवीन शब्द मिळाला. कुणी काही खोटंनाटं बोललं की लोक म्हणत, "काय विटकरी बोलून राहिला बे?" ज्यांनी सरांच्या धाकानं गोड सोडलं होतं, ते जल्लोषात जिलबीकडे परतले. मी जुलैत पर्मनंट झालो. पेढे वाटले, सरांनाही दिला. त्यांनी घेतला.

त्यानंतरच्या पोळ्याला माझा मोठा भाऊ गणपत पांढुर्ण्याला आला. भाऊची तिगावला संत्र्यांची बाग. पन्नाशी उलटली तरी गोटमारीला नदीकाठी हजर. घरंगळत आलेला एक दगड त्याच्या उजव्या पावलावर बसला. पण त्याला ते कळलं घरी गेल्यावर, जोडा काढला आणि रक्त दिसलं तेव्हा. हे तो मोठ्या फुशारकीनं सांगत सुटला. "लागलं तवा समजलंबी नाही मले! अशी कातडी आहे आपली."

स्टाफरूममध्ये मीही ते तसंच, हसवून सांगितलं. बोंद्रे सर हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "समजलंच नाही?" आणि त्या रविवारी पिशवीत स्पिरिटचा दिवा घालून ते तिगावला भाऊच्या अंगणात हजर झाले. मी तिथंच होतो. गावातली दहा-बारा माणसं गंमत पाहायला जमली. भाऊनं थट्टामस्करी करत का होईना, बाटली भरून दिली. नळी तापली. निळ्याचं हिरवं झालं, पिवळं झालं, आणि मग त्या उन्हात सगळ्यांना लख्ख दिसेल असं लाल.

भाऊनं नळीकडे पाहिलं, मग जमलेल्यांकडे. "सर, तुमच्या प्राचार्याचीबी अशीच लाल आली होती म्हणते?"

अंगण हसलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, एकदाच. मला दोन वाक्यं बोलायची होती: ती बाटली माझी होती, ही परीक्षा खरी आहे. ती दोन वाक्यं माझ्या तोंडात तयार होती. मी लोकांबरोबर हसलो. फार मोठ्यानं नाही, पण भाऊनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी हसत होतो. आणि त्याच शाळेतला आपला धाकटा भाऊ हसतो आहे, याहून मोठं सर्टिफिकेट त्याला नको होतं.

सर आणखी तीनदा गेले. भाऊ त्यांना चहा पाजून परत पाठवी. जखमेवर राख, राखेवर हळद. दसऱ्याला वास येऊ लागला. दिवाळीत बोटं काळी पडली. नागपूरला नेलं, तेव्हा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तिथल्या डॉक्टरांनी मला बाहेर बसवून कारण समजावून सांगितलं: चिकटलेले धागे, जाड झालेल्या रक्तवाहिन्या, उशिरा पोचणाऱ्या पेशी, बहिरी झालेली नस. मला सगळं पाठ होतं. मी त्याची नक्कल करत असे.

पुढच्या उन्हाळ्यात सरांनी सौंसरला बदली मागून घेतली. गावानं म्हटलं, तोंड दाखवायला जागा राहिली नाही म्हणून गेला. मी ते खोडलं नाही.

भाऊकडे माझं जाणं कमी झालं. सणाला जायचो, सण संपायच्या आत निघायचो. दीड-दोन वर्षांनी पुतणीच्या लग्नाच्या यादीसाठी म्हणून एका रविवारी न कळवता तिगावला गेलो, तर अंगणात चपलांचा ओळखीचा जोड दिसला. वहिनी दाराशीच भेटल्या. त्या म्हणाल्या, "सर आले आहेत नं. दर रविवारी येतात. सौंसरहून पहिली बस धरतात. तुमाले सांगू नका म्हणे, वाईट वाटन."

आत भाऊ खाटेवर बसला होता. बोंद्रे सर खाली जमिनीवर, आणि भाऊचा उरलेला पाय त्यांच्या मांडीवर. पाय धुऊन, बोटांच्या फटी पुसून, तेल लावून झालं होतं. भाऊला डोळे मिटायला लावून सर कापसाच्या पेळूनं तळव्याला ठिकठिकाणी नुसता स्पर्श करत होते.

"लागलं?"

"हाव."

मग सरांनी कापूस पायापासून वीतभर दूर हवेत धरला. "आता?"

"हाव. लागलं नं," भाऊ ठासून म्हणाला.

"छान," सर म्हणाले, आणि रजिस्टरात लिहिलं. मी त्यांच्या मागे उभा होतो. त्यांनी लिहिलं होतं: 'नाही.'

परतताना मी त्यांच्याबरोबर रस्त्यापर्यंत आलो. बस यायची होती. मी म्हणालो, "सर, ती प्राचार्यांची बाटली..."

"संत्र्याची," ते म्हणाले. "साहेब नागपूरला गेल्यावर बाटली धुतली, तेव्हा तळाशी गराचा धागा सापडला."

मग स्टाफसमोर ते बोलला का नाहीत, असं मी विचारलं. ते रस्त्याकडे पाहत राहिले. "तुमची नोकरी कच्ची होती. मले वाटलं, लोक माझ्यावर हसतील चार महिने, मग विसरतील. हसण्यानं कोणाचा पाय जाते, हे माझ्या कोणत्याच पुस्तकात नव्हतं, कळंबे." मग म्हणाले, "चूक माझीही आहे. म्हणून येतो. अन् खरं सांगू, रविवारी मले दुसरं घर नाही."

भाऊला सगळं सांगू का, असं मी विचारलं. ते म्हणाले, ते तुमचं तुम्ही पाहा. मी पाहत राहिलो, वर्षानुवर्षं. दर रविवारी मीही जाऊ लागलो. मी पाय धरायचो, सर कापूस लावायचे, भाऊ डोळे मिटून 'हाव' म्हणायचा, सर 'छान' म्हणायचे आणि 'नाही' लिहायचे. खडा दिसला की काढायचा, चीर दिसली की त्याच दिवशी नागपूर. तो पाय शेवटपर्यंत टिकला. भाऊ गेला तो हृदयानं, आणि मी सांगितलंच नाही.

तेराव्याला वहिनी माझ्याशी बोलत बसल्या होत्या. सरांचं निघालं, तशा त्या डोळे पुसता पुसता हसल्या. "तुमचे भाऊ डोळे कुठी मिटत होते, भाऊजी? किलकिले करून पाहत राहत. कापूस दूर आहे ते दिसे त्याईले. पायाले काही समजत नव्हतं, पण सर एवढ्या दुरून येते, नाही म्हटलं तर सराईले वाईट वाटन, म्हणून 'हाव' म्हणत."

बाहेर मांडवात सर एकटेच बसले होते. मी जाऊन त्यांना हे सांगितलं. त्यांनी कानावरचं पेन चाचपलं.

मग म्हणाले, "म्हणजे माझी नोंद बरोबर होती."